हुकूम एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला

विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये १८९७ च्या साथरोग कायद्याचा आढावा घेणारा आपला २८६ वा अहवाल सादर केला आणि हा कायदा मुळापासून सुधारावा किंवा त्याच्या जागी नवा करावा, अशी शिफारस केली. तेव्हापासून या विषयावर जी चर्चा अधूनमधून डोके वर काढते, ती ऐकताना मला वारंवार वाटत आले आहे की भांडण चुकीच्या मुद्द्यावर चालले आहे. एक पक्ष म्हणतो, पुढची साथ येईल तेव्हा सरकारचे हात बांधलेले असता कामा नयेत, म्हणून अधिकार वाढवा आणि शिक्षा कडक करा. दुसरा पक्ष म्हणतो, २०२० ची टाळेबंदी हीच मुळात चूक होती, म्हणून असे अधिकार कोणालाच नकोत. टाळेबंदीने किती जीव वाचले हे साथरोगतज्ज्ञांनी ठरवावे, आणि त्यांचेही त्यावर एकमत नाही. कायदा करणाऱ्यांपुढचा प्रश्न निराळा आहे. सर्वांच्या भल्यासाठी सरकार जेव्हा एखाद्याला दुकान बंद करायला, घरभाडे न मागायला, मुलाला शाळेत न पाठवायला किंवा गावी न जायला सांगते, तेव्हा त्या हुकुमाची किंमत कोणी मोजायची? माझे म्हणणे असे की, जो हुकूम काढतो त्याने त्याच कागदावर त्या हुकुमाचा खर्च कोण उचलणार, त्याची मुदत किती आणि त्याचा जाब कोणापुढे द्यायचा, हे लिहून दिलेच पाहिजे. २०२० मध्ये ते लिहिले गेले नाही. त्यामुळे सरकारचा भार मालकावर, मालकाचा कामगारावर, कामगाराचा त्याच्या कुटुंबावर आणि कुटुंबाचा बाईवर व मुलांवर जाऊन पडला.

प्रतिपक्षाची बाजू आधी प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मार्च २०२० मध्ये लस नव्हती, औषध नव्हते, चाचण्या तुटपुंज्या होत्या, आणि इटलीतील रुग्णालयांची अवस्था रोज डोळ्यांपुढे येत होती. अशा वेळी निर्णयाला उशीर करणे हाही एक निर्णयच असतो, आणि त्याची किंमत माणसे जीव देऊन मोजतात. घाईत काढलेल्या आदेशात चुका होणारच, आणि निवांतपणे मागे वळून पाहत त्या मोजणे सोपे असते, हेही खरे. आपल्या राज्यघटनेत साथीसाठी वेगळी आणीबाणी नाही, म्हणून हाताशी होते तेच कायदे वापरावे लागले. राज्यांनी १८९७ चा चार कलमांचा साथरोग कायदा वापरला आणि केंद्राने २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. यातल्या एकाही मुद्द्याला माझा विरोध नाही. हुकूम काढण्याचा सरकारचा अधिकार मी आधीच मान्य करतो, कारण माझा आक्षेप त्याच्या पुढच्या पायरीवर आहे.

२४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांनी ती अमलात आली. पाच दिवसांनी, २९ मार्चला, केंद्रीय गृह मंत्रालयाने जो आदेश काढला तो एकदा शांतपणे वाचण्यासारखा आहे. त्यात राज्यांना सांगितले होते की स्थलांतरितांची ये-जा थांबवा आणि त्यांच्यासाठी तात्पुरता निवारा व अन्नाची सोय करा. उद्योग, दुकाने व व्यापारी आस्थापनांच्या मालकांना सांगितले होते की बंदच्या काळातले वेतन कोणतीही कपात न करता ठरल्या तारखेला द्या. घरमालकांना सांगितले होते की या कामगारांकडून महिनाभराचे भाडे मागू नका, आणि मजुरांना किंवा विद्यार्थ्यांना घर सोडायला लावाल तर कारवाई होईल. हेतू निःसंशय चांगला होता. माणूस जिथे आहे तिथेच राहावा, त्याच्या हाती पगार यावा आणि डोक्यावर छप्पर राहावे, हे कोण नाकारील? पण पगाराचा पैसा मालकाचा आणि छप्पर घरमालकाचे होते. आदेश केंद्राचा होता, आणि त्या पगारासाठी किंवा भाड्यासाठी केंद्राने आपल्या तिजोरीतला एक रुपयाही त्या कागदावर लिहिला नव्हता.

येथे मालकांविषयी थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे मालक म्हटले की मोठ्या कारखानदाराचे चित्र समोर येते आणि सहानुभूती तिथेच आटते. या देशातले बहुसंख्य मालक म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात आठ-दहा माणसांना घेऊन सुटे भाग बनवणारा, छापखाना चालवणारा किंवा खानावळ चालवणारा माणूस. त्याची ऑर्डर थांबली, जुनी बिले अडकली, विजेचा स्थिर आकार आणि बँकेचा हप्ता मात्र चालू राहिला. हप्त्याला रिझर्व्ह बँकेने आधी तीन आणि मग आणखी तीन महिन्यांची सवलत दिली, पण व्याज चालूच होते. अशा माणसाला पूर्ण वेतनाचा हुकूम देणे म्हणजे त्याच्याकडे नसलेल्या पैशाचे वाटप करणे होते. त्याहून खेदाची गोष्ट ही की या परिस्थितीचा विचार आपल्या कायद्याने पूर्वीच करून ठेवला होता. तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफची तरतूद होती. नैसर्गिक आपत्तीसारख्या कारणाने काम देता आले नाही तर वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम द्यायची, असे कलम २५-क सांगत होते, आणि पन्नासपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्यांना त्यातून वगळलेले होते. म्हणजे मालकाची ऐपत आणि कामगाराची गरज यांच्यातली एक रेषा, चांगली असो की वाईट, संसदेने आखलेली होती. २९ मार्चच्या आदेशाने ती न पुसता तिच्यावरून दुसरी रेषा ओढली.

परिणाम काय झाला? मालकांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सरकारने १७ मेच्या नव्या आदेशाने वेतनाचे ते कलम मागे घेतले, म्हणजे त्याचे आयुष्य जेमतेम पन्नास दिवसांचे ठरले. १२ जूनला न्यायालयाने सांगितले की या काळाबद्दल मालकांवर सक्तीची कारवाई करू नये आणि मालक व कामगारांनी आपापसात वाटाघाटी करून तोडगा काढावा. गावी निघून गेलेल्या, मुकादमाशिवाय कोणाचा फोन नंबरही नसलेल्या मजुराने वाटाघाटी कोणत्या टेबलावर बसून करायच्या होत्या? ज्या मालकांनी कर्ज काढून, घरातले सोने गहाण ठेवून आदेश पाळला, ते तोट्यात गेले. ज्यांनी तो कागद पाहून न पाहिल्यासारखे केले, त्यांचे काही बिघडले नाही. ज्या कायद्यात प्रामाणिक माणूस बुडतो आणि बेफिकीर माणूस सुटतो, त्याने पुढच्या वेळेसाठी समाजाला कोणता धडा शिकवला याचा विचार आपण केलेला नाही. आणि त्या आदेशात घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायकांचा उल्लेखच नव्हता, कारण घर हे दुकानही नव्हे आणि उद्योगही नव्हे. त्यांचा पगार पूर्णपणे घरमालकिणीच्या भलेपणावर राहिला.

यावर सर्वात वजनदार उत्तर येते ते पैशाचे. ब्रिटनने बंद काळात कामगारांच्या वेतनाचे ८० टक्के, महिन्याला २५०० पौंडांच्या मर्यादेपर्यंत, सरकारी तिजोरीतून भरले. ते श्रीमंत राष्ट्र आहे, त्याच्याकडे प्रत्येक नोकरदाराची पगारनोंद आहे. आपल्याकडे बहुसंख्य कामगार असंघटित असताना हे कसे जमायचे, असे विचारले जाते. आक्षेप बिनतोड वाटतो, आणि रकमेच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. ब्रिटनएवढे देणे आपल्याला परवडले नसते. पण देता येण्याची यंत्रणाच नव्हती, हे खरे नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजने’खाली नोकरी गेलेल्या विमाधारकाला मिळणारा भत्ता सरासरी वेतनाच्या २५ वरून ५० टक्क्यांवर नेला. शंभरपर्यंत कामगार असलेल्या आणि बहुतेकांचे वेतन पंधरा हजारांच्या आत असलेल्या आस्थापनांसाठी भविष्य निर्वाह निधीतला मालक व कामगार दोघांचाही वाटा काही महिने केंद्राने भरला. जनधन खात्यांमधून बायकांच्या हाती तीन महिने पाचशे-पाचशे रुपये पोचले. म्हणजे वाट होती, ती अरुंद ठेवली गेली. निम्म्या वेतनाचा भार मालकाने, काही भाग सरकारने आणि उरलेला कामगाराने असा तिहेरी वाटा ठरला असता, तर तो कोणालाच पुरेसा झाला नसता. पण तो पाळता आला असता, आणि मालकाला न्यायालयात धाव घेण्याचे कारण उरले नसते. याउलट जे केले गेले त्यात कामगाराला भविष्य निर्वाह निधीतून स्वतःचीच पुंजी उचलण्याची मुभा मोठ्या दिलाशाच्या रूपात सांगितली गेली.

आपत्ती व्यवस्थापन कायदा नुकसानभरपाईला अपरिचित आहे, असेही नाही. त्याच्या कलम ६५ प्रमाणे सरकार एखादी जागा किंवा वाहन बचावकार्यासाठी ताब्यात घेऊ शकते आणि कलम ६६ प्रमाणे त्याचा मोबदला देणे सरकारला बंधनकारक आहे. तो ठरवताना त्या भागातले भाडे विचारात घ्यावे, इतका तपशील त्यात आहे. आता एकाच रस्त्यावरच्या दोन मंगल कार्यालयांचा विचार करा. एक सरकारने विलगीकरण केंद्रासाठी ताब्यात घेतले, दुसऱ्याला नुसते कुलूप लावायला सांगितले. दोघांचाही हंगाम बुडाला, दोघांचाही त्याग साथ रोखण्यासाठीच झाला. पहिल्याला मोबदल्याचा हक्क मिळाला आणि दुसऱ्याला काहीच नाही. एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला पंचवीस माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आली, तेव्हा या दुसऱ्या प्रकारच्या माणसांत मांडववाले, बँडवाले, आचारी, फुलवाले अशी सगळी रांग उभी राहिली. वस्तू घेतली तर भरपाई आणि उपजीविका घेतली तर नाही, हा भेद कोणत्या न्यायबुद्धीवर उभा आहे, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

मराठी वाचकाला या साऱ्याची जुनी आठवण असायला हवी. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचा रुग्ण सापडला आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. त्याच कायद्याच्या बळावर पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोरे सोल्जर घरात घुसले, देवघरापर्यंत गेले, सामान रस्त्यावर काढून जाळले, आणि बायामाणसांची तपासणी उघड्यावर केली. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँड व आयर्स्टवर गोळ्या झाडल्या आणि सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली, हे आपण शाळेत शिकतो. जे सहसा शिकवले जात नाही ते असे, की लोकांचा राग उपचारावर नव्हता. टिळक शहर सोडून न जाता पुण्यातच राहिले, हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीत पडले, आणि पळून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी फटकारले. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच गेल्या. लोकांचा राग होता तो आपल्या घराची राखरांगोळी करून कोणी जाब देत नाही, यावर. पुढे दोन वर्षांच्या आतच सरकारला सक्ती सैल करून लोकांच्या सहकार्याचा मार्ग धरावा लागला.

मुंबईत याची आर्थिक बाजू अधिक स्पष्ट दिसली. माणसे शहर सोडून कोकणात व घाटावर निघाली तसा गिरण्यांना कामगार मिळेना. महिन्याचा पगार दीड-दीड महिना अडकवून ठेवण्याची सवय असलेल्या गिरणीमालकांना त्या काळात रोजच्या रोज मजुरी मोजावी लागली आणि नाक्यानाक्यांवर मजुरांसाठी चढाओढ झाली. उद्याचा भरवसा नसेल तर माणूस आजचे पैसे हातात मागतो, हे त्या मालकांना नाइलाजाने कळले. २०२० मध्ये रस्त्याने चालत निघालेल्या माणसांनी हेच सांगितले होते. टीव्हीवर त्यांना ‘अफवांना बळी पडलेले’ म्हटले गेले, पण त्यांचा हिशेब पक्का होता. पगार येईल याची खात्री देणाऱ्या कागदामागे पैसा नाही, हे त्यांनी न्यायालयाच्या अडीच महिने आधी ओळखले होते.

कुटुंबांपर्यंत हा भार कसा पोचला याची उदाहरणे अगणित आहेत, मी दोन-तीनच घेतो. स्थलांतरिताचे रेशनकार्ड गावी होते आणि भूक शहरात होती. माणशी पाच किलो मोफत धान्याची योजना सुरू झाली तरी अनेकांना ते मिळाले नाही, आणि एक देश एक रेशनकार्ड योजना सर्व राज्यांनी ३१ जुलै २०२१ पर्यंत लागू करावी, असे सर्वोच्च न्यायालयाला २९ जून २०२१ रोजी सांगावे लागले. श्रमिक रेल्वे १ मे २०२० ला सुरू झाल्या. त्यांचे भाडे कोणी भरायचे यावर केंद्र, राज्ये आणि पक्ष यांच्यात महिनाभर वाद चालला आणि २८ मेला न्यायालयाने सांगितले की मजुरांकडून भाडे घेऊ नये. दरम्यान ८ मेच्या पहाटे जालन्याहून रुळांवरून भुसावळच्या दिशेने चालत निघालेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांना प्रवासभत्ता देण्याची जबाबदारी कंत्राटदारावर टाकणारा कायदा १९७९ पासून आपल्याकडे होता. तो पाळला गेला असता तर कोण, कुठे, किती आहेत याची नोंद तरी सरकारकडे असती. एक कोटीहून अधिक माणसे घरी परतली, असा आकडा नंतर संसदेत सांगितला गेला. वाटेत किती दगावली याची नोंद नसल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये त्याच संसदेत सांगितले गेले.

मरणाच्या भरपाईचीही तीच कथा. १४ मार्च २०२० रोजी गृह मंत्रालयाने कोविडला राज्य आपत्ती निधीच्या मदतीसाठी अधिसूचित आपत्ती मानले आणि मृतांच्या वारसांना चार लाख रुपये देण्याचा उल्लेख पत्रात केला. त्याच दिवशी सुधारित पत्र आले आणि त्यातून ही रक्कम वगळलेली होती. सव्वा वर्षाने, ३० जून २०२१ ला, सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या कलम १२ वर बोट ठेवून सानुग्रह मदत देणे बंधनकारक आहे असे सांगितले, तेव्हा कुठे पन्नास हजार रुपये ठरले. रकमेवर मतभेद होऊ शकतो. पण ज्या कायद्याच्या एका कलमाने देश बंद करता येतो, त्याच कायद्याचे दुसरे कलम अमलात आणायला विधवांना आणि पोरक्या मुलांना पंधरा महिने न्यायालयाची वाट पाहावी लागते, याचा अर्थ हुकूम आणि जबाबदारी यांची आपण कायद्यातच फारकत केली आहे.

शाळांचा भार तर मुलांनी उचलला, आणि त्यांची बाजू मांडायला संघटनाही नव्हती. महाराष्ट्रात शहरी भागातले पहिली-दुसरीचे वर्ग मार्च २०२० नंतर डिसेंबर २०२१ पर्यंत भरले नाहीत. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो त्यांचे प्रमाण ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये २०.५ टक्क्यांवर आले. दारूची दुकाने मे २०२० मध्ये उघडली आणि पहिलीचे वर्ग दीड वर्ष बंद राहिले, यात महसूल मिळवून देणाऱ्या आणि न देणाऱ्या गोष्टींचा फरक होता, हे कटू असले तरी म्हटलेच पाहिजे. शाळा बंद ठेवण्याच्या प्रत्येक महिन्याबरोबर बुडालेल्या शिकवणीचा अनुशेष भरून काढण्याचा खर्च जोडणे सरकारला बंधनकारक असते, तर शाळा इतक्या सहज बंद राहिल्या असत्या का?

समाजाच्या पातळीवर मला उलट अनुभवाचीही नोंद करायची आहे. आषाढीच्या वारीत सलग दोन वर्षे पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि वारकऱ्यांनी ते जड अंतःकरणाने स्वीकारले. सार्वजनिक मंडळांच्या गणेशमूर्ती चार फुटांच्या आणि घरच्या दोन फुटांच्या असाव्यात, हा नियमही मंडळांनी मानला. धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. महापालिकेने स्थानिक खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन घरोघर तपासणी केली, शौचालये दिवसातून अनेकदा धुतली, विलगीकरणात जेवणाची सोय केली, आणि जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी त्या वस्तीचा दाखला दिला. विलगीकरणात गेलेल्याला ताट मिळत होते, म्हणून तो गेला. याउलट ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने धर्म कोणताही असो, सर्व मृतदेहांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते मागे घ्यावे लागले. तबलिगी प्रकरणात परदेशी नागरिकांवर दाखल झालेले गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये, त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे निरीक्षण नोंदवले. तरीही वारी आणि मूर्तींच्या उदाहरणांतही एक हिशेब राहून गेला. मूर्तीची उंची पावसाळ्याच्या तोंडावर ठरली, आणि मूर्तिकारांचे काम त्याच्या कितीतरी महिने आधी सुरू झालेले असते. तयार उंच मूर्ती आणि त्यांत अडकलेले भांडवल मूर्तिकाराचेच गेले. नियम बरोबर होता, हे मान्य करूनही मी विचारतो की त्याची किंमत एकट्या मूर्तिकाराने का द्यावी?

आता ‘हात बांधू नका’ या मुद्द्याकडे वळतो. खर्च, मुदत आणि जाब यांच्या अटी घातल्या तर संकटात सरकार गोठून जाईल, असे सांगितले जाते. अनुभव तसा नाही. ब्रिटनने २५ मार्च २०२० ला कोरोनाचा वेगळा कायदा केला, त्याला दोन वर्षांची मुदत घातली आणि दर सहा महिन्यांनी लोकप्रतिनिधीगृहाची संमती घेण्याचे बंधन ठेवले. न्यूझीलंडमध्ये उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये ठरवले की टाळेबंदीचे पहिले नऊ दिवस घरी राहण्याची सक्ती आवश्यक व वाजवी होती, पण तिला कायद्याचा आधार नव्हता. त्या निकालाने साथीविरुद्धची लढाई थांबली नाही, सरकारला आपला कागद नीट करावा लागला एवढेच. आपल्याकडे संसद २३ मार्चला संस्थगित झाली आणि १४ सप्टेंबरला पुन्हा भरली, तीही प्रश्नोत्तराच्या तासाशिवाय. त्या मधल्या पावणेसहा महिन्यांत देश आदेशांवर चालला. त्याच काळात गुजरात सरकारने कारखान्यांत बारा तासांचे काम आणि जादा तासांना साध्या दराची मजुरी, अशी अधिसूचना काढली. १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करताना सांगितले की साथीचे आर्थिक संकट म्हणजे कारखाने कायद्यातली देशाच्या सुरक्षेला धोका आणणारी ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे. हात मोकळे ठेवले की ते कोणाच्या खिशाकडे जातात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. आणि सरकारचे हात कमी पडले होते असे तरी कसे म्हणायचे? सरकारी आदेश मोडल्याबद्दल तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली एकट्या महाराष्ट्रात लाखाच्या वर गुन्हे नोंदवले गेले आणि २०२२ मध्ये सरकारलाच ते मागे घेण्याचा निर्णय जाहीर करावा लागला.

साथ सुरू असताना संसदेने १८९७ च्या कायद्याला एकदाच हात लावला, सप्टेंबर २०२० मध्ये, आणि तो आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी. ती दुरुस्ती आवश्यकच होती. दवाखान्याची किंवा डॉक्टरच्या मालमत्तेची नासधूस झाली तर दोषी माणसाने तिच्या बाजारभावाच्या दुप्पट भरपाई द्यावी, असे त्यात नेमके लिहिले आहे. म्हणजे भरपाई कोणी, किती आणि कशाच्या प्रमाणात द्यायची हे कायद्यात लिहिणे आपल्या कायदे करणाऱ्यांना जमते. देणारा सरकार नसला की ते विशेष सहज जमते.

मूळ १८९७ च्या कायद्याचे कलम २ पुन्हा वाचले तर त्यातही ही जागा दिसते. साथ रोखण्यासाठी सरकार आवश्यक ते उपाय करू शकते, असे सांगून झाल्यावर ते कलम म्हणते की त्यासाठी झालेला खर्च, भरपाई असल्यास तीसह, कोणत्या रीतीने आणि कोणी सोसायचा हे सरकार ठरवू शकेल. ‘ठरवू शकेल’, म्हणजे न ठरवलेले चालेल, आणि सव्वाशे वर्षे ते चालत आले. नव्या मसुद्यात अधिकारांची यादी लांब असेल की आखूड, शिक्षा दोन वर्षांची असेल की पाच, याबद्दल मी फारसा आग्रही नाही. माझा आग्रह त्या एका वाक्याचा आहे. ‘ठरवू शकेल’च्या जागी ‘त्याच आदेशात ठरवील’ असे लिहावे, आणि भरपाईपुढचा ‘असल्यास’ हा शब्द खोडावा.